कोपरा कापलेलं कार्ड

नोकरीत सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, असं विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच मला उत्तर दिसतं. वाळवीची! जुने कागद सांभाळण्यात जन्म गेलेली बाई, तिला आणखी कशाची भीती असणार? होती की. वाळवीची होती, कसरीची होती, गळक्या कौलांची होती, आणि आमच्या प्राचार्यांना चहा पिता पिता सुचणाऱ्या कल्पनांची तर फारच होती. पण हातपाय गार पडावेत, तोंडाला कोरड पडावी अशी भीती मी एकदाच अनुभवली, आणि ती एका साध्या पोस्टकार्डामुळे. त्याचीच हकीकत सांगते.

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयात होते. सत्तरचं दशक निम्म्याच्या पुढे सरकलं होतं, तेव्हा एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "लांजेवारबाई, कॉलेजचा इतिहास म्हणजे निकालाचे तक्ते नव्हेत. आपल्याकडे शिकून गेलेल्या पोरांच्या घरी काय काय कागद आहेत ते गोळा करा. पत्रं, डायऱ्या, फोटो, लग्नपत्रिका, दंडारीच्या खेळांच्या वह्या, काहीही चालेल. त्यांच्या आईबापांचे, गावच्या लोकांचेसुद्धा आणा." मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर येऊन कपाळाला हात लावला. जे लोक दारात अनोळखी माणूस दिसला की कवाड लोटून घेतात, ते मला घरची पत्रं काढून देणार होते!

पण मोडके बाक ठेवायची एक खोली रिकामी करून मिळाली, दोन लोखंडी कपाटं मिळाली आणि काम सुरू झालं. काम काय असतं ते सांगायलाच हवं, कारण माझ्या सख्ख्या भावालासुद्धा मी निवृत्त होईपर्यंत वाटायचं की ही कागदांवरची धूळ झटकते आणि पगार घेते. आलेला गठ्ठा ज्या क्रमानं बांधलेला असेल त्याच क्रमानं ठेवायचा. कुणी बायकोच्या पत्रात बियाण्याची पावती खोचली असेल तर ती तिथंच राहिली पाहिजे, तिथं आपली अक्कल चालवायची नाही. टाचण्या काढून टाकायच्या, कारण त्या गंजतात आणि कागद खातात. घडी हलक्या हातानं उलगडायची, इस्त्री फिरवायची नाही. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावायची नाही, मागून पातळ कागद लावून खळीनं जोडायचं, आणि खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर कसर खळीबरोबर कागदही फस्त करते. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला. आणि कात्री खोलीत आणायचीच नाही. हा नियम मी स्वतः दारावर लिहून लावला होता.

कागद देणारे लोक मात्र भिऊन असत. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारे एक जुने विद्यार्थी आपल्या डायऱ्यांची पेटी मोठ्या हौसेनं पोचवून गेले, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आत घामाघूम होऊन दारात हजर. "बाई, त्यात मी चुकून ड्युटीबद्दल काही लिहिलं असेल तर? नोकरी जाईल ना हो!" मी म्हटलं, बसा आणि वाचून पाहा. बिचारे रजा टाकून स्वतःच्याच डायऱ्या वाचत बसले. निघालं काय, तर सासऱ्यांची निंदा आणि कँटीनच्या भज्यांची तारीफ. सासऱ्यांची पानं तेवढी कुणाला दाखवू नका, म्हणाले. दाखवलेली नाहीत, आज तोंडानं सांगून टाकलं एवढंच. शहापूरच्या एका म्हाताऱ्यानं तर मला ओसरीवर चढू दिलं नाही. "आज कागद नेता, उद्या कोर्टाचा माणूस घेऊन येता," असं म्हणून त्यानं मला उन्हात उभं ठेवलं आणि वर पाणी हवं का म्हणूनही विचारलं.

एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. एवढी पत्रं आमच्याकडे जमली, त्यांत जन्म होते, बारसी होती, सोयरिकी होत्या, पास-नापास होतं, पण मरणाचं पत्र एकही नव्हतं. कारण तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगते. आमच्याकडे मयताची खबर कळवायची तर पोस्टकार्डाचा एक कोपरा कापून ते टाकत. कोपरा नसलेलं कार्ड दिसलं की समजायचं. ते घरात न्यायचं नाही, अंगणातच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कार्ड कळे, नुसत्या कोपऱ्यावरून. डाकवाला एरवी ओसरीवर बसून पत्र वाचून दाखवायचा, चहा घ्यायचा, पण तसं कार्ड असलं की हातातही देत नसे. उंबऱ्यापाशी ठेवून मान खाली घालून निघून जाई.

आता भागरताबाईंबद्दल. ही वरठीच्या पलीकडच्या एका गावची. तळ्याच्या पाण्यावर धानाच्या चार बांध्या, नवरा कधीच गेलेला, आणि एकुलता एक मुलगा देवराम. तो आमच्या कॉलेजात वर्षभर शिकला आणि मग फौजेत भरती झाला. त्याची पत्रं ती एका डब्यात घालून स्वतः माझ्याकडे घेऊन आली होती. घर गळतं, वाळवी लागते, म्हणून. मी विचारलं, मावशी, देताना जीव नाही का तुटत? तर म्हणाली, "तुटते ना! म्हनून तं मी बजाराच्या दिवशी येईन आन् तुमी मले एक-एक वाचून दाखवा." तेव्हापासून दर बाजाराला भाजीची पिशवी टेबलाखाली सरकवून ती माझ्यासमोर बसायची आणि मी तिला तिच्याच पोराची पत्रं वाचून दाखवायची. तिला वाचता येत नव्हतं, सुनेलाही नाही. नवीन पत्र आलं की तेही घेऊन यायची आणि डब्यात सगळ्यात वर ठेवायला लावायची.

मग प्राचार्यांना नवी कल्पना सुचली. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी छापील कार्ड पाठवायचं, 'आपल्या घरी जुने कागद असल्यास कॉलेजास द्यावेत.' कार्डं छापून आली, पत्ते घालायचं काम ऑफिसच्या भुरेबाबूंकडे गेलं. भुरेबाबू म्हणजे आमचे बडे बाबू. मनानं वाईट नाही, पण कंजूस असे की टाकाची निब झिजली तर तिला दगडावर घासून पुन्हा चालवायचे. सुट्ट्यांत त्यांच्या टेबलाचा खण बंद राहिला आणि उंदरांनी कार्डांच्या एका गठ्ठ्याचा कोपरा कुरतडला. दुसऱ्या कुणी तो गठ्ठा फेकला असता. भुरेबाबूंनी कात्री घेतली, कुरतडलेले कोपरे एकसारखे तिरपे कापले, पत्ते लिहिले आणि कार्डं पेटीत टाकून मोकळे झाले.

मला कळलं ते त्यांच्या टेबलाखालच्या कचऱ्यावरून. तिकोनी तुकड्यांचा ढीग! मी विचारलं, "बाबूजी, हे काय?" तर मोठ्या अभिमानानं म्हणाले, "एकही कार्ड वाया जाऊ नाही दिलं." मी म्हटलं, "अहो, कोपरे कापून कार्डं धाडली तुम्ही? लोकांच्या घरी?" ते हसले. "छापील कार्ड आहे बाई. छापील कार्डाला कोण रडते?" मी म्हटलं, "ज्याला वाचता येत नाही तो रडते!" तेव्हा कुठे त्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं. कुणाकुणाला गेली, ते विचारलं. वरठीकडच्या गावांची होती म्हणाले, रजिस्टर उघडून नावं जशी आली तशी लिहिली. त्यात देवराम होता का? भुरेबाबूंनी बोटांवर नावं मोजली. "फौजवाला ना? हो. होता ना तो."

खरं सांगते, मला कार्ड दिसत नव्हतं, देवरामच्या बायकोचे हात दिसत होते. मंदा नाव तिचं. दुसऱ्या खेपेला दिवस भरत आलेले. आमच्याकडे नवरा गेल्याची खबर आली की आयाबाया जमतात, बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. खबर खरी का खोटी हे कोण पाहते? आणि एकदा फोडलेल्या बांगड्या पुन्हा भरल्या तरी ते अशुभ गावाच्या तोंडात जन्मभर राहते. नवरा उद्या धडधाकट परत आला तरी.

पोस्टात धावलो. पोस्टमास्तर म्हणाले, थैली काल सकाळीच गेली आणि पेटीत पडलेलं कार्ड सरकारचं, ते मागं देता येत नाही. आता कार्डाच्या पुढं धावणं एवढंच हाती होतं. एसटीला अवकाश होता. मी भुरेबाबूंना म्हटलं, काढा सायकल. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या कॅरिअरवर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना मी पाहून घेते, तुम्ही पायडल मारा." बडे बाबू सायकल हाणत आहेत आणि लायब्ररीवाल्या बाई पदर खोचून मागे बसून त्यांना शिव्या घालत आहेत, हे दृश्य पाहिलेली माणसं मला पुढे कितीतरी वर्षं भेटत राहिली. तेव्हा मला त्याची शुद्ध नव्हती. रस्त्यात कुणीही मोठ्यानं बोललं तरी मला रडणं ऐकू यायचं.

गावात पोचलो तर सामसूम. धानाच्या कापणीचे दिवस, माणसं सगळी बांध्यांत. भागरताबाई अंगणात सूप घेऊन धान पाखडत बसली होती आणि मंदा ओट्यावर पोराला भरवत होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं. हातात बांगड्या होत्या. मला इतकं हायसं वाटलं की मी मटकन खालीच बसले. म्हटलं, देवा, कार्ड अजून आलं नाही!

"काहून वो बाई, अशा उन्हाच्या आल्या?" भागरताबाईंनी विचारलं. मी म्हटलं, मावशी, डाकवाला आला होता का? तिनं सूप थांबवलं. एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, आणि म्हणाली, "मंदा, पाव्हन्यायसाठी विहिरीचं थंड पानी आन बाई. पोराले घेऊन जाय संगं." मंदा घागर घेऊन वळणाआड जाईपर्यंत ती गप्प होती. मग हळू आवाजात म्हणाली, "काल आलं. फाडून टाकलं."

"कोणी वाचलं?"

"कायले वाचा लागते? माह्यं बाहेर एकच मानूस हाय," ती म्हणाली. "तिले नोका सांगू जी. बाळंत होऊ द्या. मंग मीच सांगीन."

कालपासून ही बाई धान पाखडत होती! काल दुपारपासून तिनं सुनेला जेवायला वाढलं होतं, नातवाला निजवलं होतं आणि डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. मी तिचा हात धरला, सगळं सांगितलं. उंदीर सांगितले, कात्री सांगितली, छापील कार्ड सांगितलं. मावशी, तुझा देवराम जिता आहे, काही झालेलं नाही त्याला. ती ऐकत राहिली आणि माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "बाई, जिता हाय हे सांगाले कोनी सायकलवर धावत येते का जी?"

तेवढ्यात भुरेबाबूंनी खिशातून एक कोरं कार्ड काढलं. "हे पाय माय, असंच झालं," म्हणाले आणि समजावून सांगण्याच्या भरात त्यांनी टर्रकन त्याचा कोपरा फाडला. भागरताबाई किंचाळली. त्यांच्या हातावर झडप घालून तिनं ते कार्ड हिसकलं, चुरगळलं. "माह्या आंगनात नोको फाडू रे बाबा! एक झालं तेवढं पुरे नाही का?" भुरेबाबूंनी हातात उरलेला कोपरा घाईनं खिशात कोंबला. मंदा पाणी घेऊन आली तेव्हा आम्ही तिघंही पिकाबद्दल बोलत होतो.

बाकीच्या घरांतूनही बोलणी खाल्ली. एका ठिकाणी शाळकरी नातवानं कार्ड वाचलं म्हणून रडारड थांबली. एक निवृत्त मास्तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन अर्धा तास ओरडून गेले, आणि भुरेबाबूंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. ते सगळं निभावलं. भागरताबाईंचं निभेना. मी देवरामला पत्र टाकलं, उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर धाड म्हणून लिहिलं. तार करता आली असती, पण त्यानं उत्तराची तार चुकून घरीच केली तर? गावात तारवाला दिसला तरी लोक ऊर बडवतात.

उत्तर लवकर येईना. मग मलाच भेव वाटायला लागलं. मी शिकलेली बाई, पण रोज डाक यायच्या वेळी दारात जाऊन उभी राहायची. सरहद्दीवरचा माणूस, खरंच काही झालं असेल तर? आपल्याच कॉलेजातून त्याच्या घरी ते कार्ड गेलं, ते काही ओढवून तर नाही आणणार? असले विचार करते म्हणून मी स्वतःला रागवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भागरताबाई बाजाराला यायची बंद झाली होती. मंदाला मुलगी झाल्याचं कळलं, पण बारशाचं बोलावणं आलं नाही.

शेवटी देवरामचं पत्र आलं. मी एसटीनं वरठीला उतरून चालत गाव गाठलं. मंदा आत बाळाला तेल लावत होती. मी मागच्या अंगणात भागरताबाईंना ते वाचून दाखवलं. 'तीर्थरूप मातोश्रींस देवरामचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. काळजी नसावी. होळीपर्यंत सुट्टी मिळेल.' तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे त्या डब्यातलं ना?"

"नाही हो मावशी! नवं आहे, कालच आलं."

"सगळेच तर तुमच्याजवळ हायेत. मले काय समजते, कोनतं जुनं आन् कोनतं नवं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी मनानं चांगल्या हा बाई. पन आता मले नोका वाचून दाखवू."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी रडले. जे कागद मी इतक्या निगुतीनं जपले होते, त्यांच्यामुळेच ती माझ्यावर विश्वास ठेवू शकत नव्हती. डबा तिच्या घरी असता तर तिला कळलं असतं की त्यातलं काही कमी झालेलं नाही, म्हणजे हे पत्र नवंच आहे. सुनेला ती अजून सांगत नव्हती, पण किती दिवस न सांगता राहील याचा नेम नव्हता. ओली बाळंतीण उठली, हिंडूफिरू लागली, आता कोणत्याही दिवशी ती बोलून टाकेल आणि आयाबाया जमतील, याच धास्तीत मी होळीपर्यंतचे दिवस काढले.

होळीच्या आधीच्या बाजाराला मी खोलीत पाला बदलत होते. दारात भागरताबाई उभी. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं एका उंच, मिशाळ जवानाचं मनगट घट्ट धरलेलं, जत्रेत लेकराचं धरतात तसं. देवराम! मी पाल्याचं टोपलं तिथंच सोडलं. भुरेबाबू ऑफिसातून धावत आले आणि त्यानं काही म्हणायच्या आत त्याला मिठीच मारली. तो बिचारा संकोचून हसत होता. "माय काल रातच्यापासून हात सोडत नाही जी," म्हणाला. "आंघोळीलेही नाही."

"वाचा," भागरताबाई म्हणाली. ती नेहमीच्या जागी बसली, त्याला शेजारी बसवलं. "ते मांगचं वाचा. त्याच्या समोर."

मी होळीच्या सुट्टीचं पत्र वाचलं. "हे तूनंच लिवलं का?" तिनं विचारलं. "हो वं माय, मीनंच." तिनं माझ्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे तुमचं खरं होतं. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण ती उठेना. "त्याच्या आंधीचं वाचा," म्हणाली. मी डबा काढला. एक वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. पत्र कधीचंही असो, सुरुवात तीच. मी इकडे खुशाल आहे, काळजी नसावी. दर पत्राला ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

मग तिनं विचारलं, "दर बारी खुशाल होता का रे?"

देवराम हसला. "पत्रात तसंच लिवतात माय."

"मी ते नाही इचारलं."

त्याचं हसू गेलं. तो माझ्या हातातल्या पत्राकडं पाहत राहिला, मग भुरेबाबूंकडं, मग आपल्या बुटांकडं. "दर बारी नोहतो," तो हळूच म्हणाला.

"मंग मी भेली ते काही फुकट नाही भेली," भागरताबाई म्हणाली. आणि कार्ड आल्यापासून पहिल्यांदा ती रडली. त्याचा हात आपल्या तोंडावर दाबून, इतक्या मोठ्यानं की वाचनकक्षातली पोरं पुस्तकं टाकून दारात जमली. ग्रंथालयात आवाज झाला की खेकसायची मला वर्षानुवर्षांची सवय, पण त्या दिवशी मी कुणाला काही म्हटलं नाही.